योगनिद्रेची सतरंजी

मित्रांनो, मी एक सतरंजी. जुनी आहे हे सांगायला नको; निळे पट्टे राखाडी झाले आहेत आणि एका कडेच्या दशा पार झडून गेल्या आहेत. सतरंजीचं आयुष्य साधारण ठरलेलं असतं. लग्नात अंथरतात, भजनाला अंथरतात, पाहुणे आले की बैठकीत अंथरतात आणि उरलेले दिवस ती माळ्यावर घडी होऊन पडते. माझं तसं झालं नाही. माझ्यावर माणसं बसली कमी आणि आडवी झाली जास्त, तीही झोपण्यासाठी नव्हे. ते कसं, हे मी क्रमाने सांगते.

माझा जन्म नांदेडचा. हदगावकडच्या कापसाचं सूत आणि जहांगीरभाईंचा माग. जहांगीरभाई पाय खड्ड्यात सोडून मागावर बसत आणि त्यांची बायको मलिका सूत रंगवून देई.

"घट ठोका जरा," ती म्हणायची. "लोक बसतेत, लेकरं लोळतेत. सैल विणली तर वर्षात जाळी होईल."

"तूच ये मग खड्ड्यात," ते म्हणायचे, आणि लोखंडी पंजा आणखी जोरात मारायचे.

या नवरा-बायकोच्या भांडणामुळे मी घट्ट विणली गेले. सहा माणसं शेजारी शेजारी आडवी होतील एवढी रुंद आणि ओली झाली तर दोघांना उचलावी लागेल एवढी जड.

१९९३च्या उन्हाळ्यात सरस्वतीबाईंनी मला विकत घेतलं. त्या निलंग्याला मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. एका शिबिरात त्या योगनिद्रा शिकून आल्या होत्या आणि शाळेच्या व्हरांड्यात मुलींना शिकवायला त्यांना काहीतरी अंथरायला हवं होतं.

योगनिद्रा म्हणजे काय, हे इथेच सांगून टाकते. उताणं झोपायचं. पाय थोडे लांब, तळहात वर, डोळे मिटलेले. एक जण शेजारी बसून सावकाश बोलतो आणि बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. "उजव्या हाताचा अंगठा," असं म्हटलं की अंगठा हलवायचा नाही, मनाने तिथे जाऊन यायचं. मग पहिलं बोट, दुसरं बोट, तळहात, मनगट, कोपर, असं करत साऱ्या अंगावरून फिरायचं. मग श्वास मोजायचे, उलटे. अंग झोपल्यासारखं सैल होतं, पण कान जागे असतात. नावात निद्रा असली तरी ती झोप नाही. अर्ध्या तासाने माणूस उठतो तेव्हा कपाळावरची आठी गेलेली असते. व्हरांड्यातल्या मुलींच्या बाबतीत हे मी रोज पाहिलं. पाहिलं म्हणजे पाठीवरून ओळखलं. माझ्यावर पडलेली पाठ ताठ आहे की सैल, हे मला कळतं. दुसरं फारसं काही कळत नाही.

त्याच वर्षी गणपती बोळवून लोक निजले आणि पहाटे भूकंप झाला. निलंगा तगलं, पण तालुक्यातली आणि शेजारची कितीतरी गावं खाली बसली. त्या भागातली घरं दगडमातीची, भिंती हातभर जाड, वर मातीचं माळवद. ज्या माळवदामुळे उन्हाळ्यात घर गार राहायचं, त्याच्याच ओझ्याखाली माणसं गेली.

काही आठवड्यांनी उरलेल्या लोकांसाठी माळावर पत्र्याच्या शेडच्या रांगा उभ्या राहिल्या. सरस्वतीबाई इतर शिक्षकांबरोबर तिथे कपडे आणि भांडी वाटायला जात. बायका त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत.

"भाकर मिळाली, पातळ मिळालं. झोप कुठून आणावी, बाई?"

हे बोलणाऱ्या बाईचं नाव बसम्मा. तिची सासू आणि धाकटा मुलगा भिंतीखाली गेले होते. नवरा महादेवप्पा आणि सात वर्षांची मुलगी गीतांजली वाचले होते. बसम्माचे डोळे लाल होते आणि पापणी सतत फडफडायची. वस्तीतली बहुतेक माणसं तशीच होती. पत्रा वाऱ्याने वाजला तरी सगळी रांग बाहेर पळायची.

दुसऱ्या दिवशी सरस्वतीबाई मला एसटीच्या टपावर टाकून वस्तीवर घेऊन गेल्या. दुपारची वेळ होती. बायका संकोचत आडव्या झाल्या. बाईंनी शाळेत म्हणायच्या तसंच सुरू केलं, "अंग सैल सोडा. शरीराचा सगळा भार जमिनीवर सोपवा. जमीन तुम्हाला धरून आहे."

माझ्यावरच्या सगळ्या पाठी एकदम ताठ झाल्या. बसम्मा उठून बसली.

"ह्या जमिनीवर?" ती म्हणाली. "बाई, हिच्यावर भरवसा ठिवून तर निजलो होतो."

बाकीच्या बायकाही उठल्या. पुस्तकात आणि शिबिरात ते वाक्य सगळ्यांसाठी लिहिलेलं होतं. भूकंपातल्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी योगनिद्रा झाली नाही. माझी घडी घालून बाई परत गेल्या.

दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या. "आता जमिनीचं नाव घ्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "सतरंजीवर अंग टाका. ही माणसाने विणलेली आहे. हिला भिंत नाही, माळवद नाही."

टोकाला बसलेल्या एका म्हातारीने मला चाचपून पाहिलं. "खरं हाय," ती म्हणाली. "ही पडून पडून कुठं पडंल? ही आधीच खाली हाय."

बायका हसल्या. शेड उभी राहिल्यापासून त्या रांगेत कोणी हसलेलं बाईंनी ऐकलं नव्हतं. त्यानंतर त्या रोज 'सतरंजीवर भार सोडा' असंच म्हणू लागल्या. मित्रांनो, माझं आयुष्यभरात झालेलं कौतुक एवढंच. मला ते पुरेसं वाटतं.

पण बसम्मा आडवी व्हायला तयार नव्हती. तिने घरात एक रीत पाडली होती: घरात कायम एक जण जागं पाहिजे. महादेवप्पा निजला की ती जागी, ती पडली की तो जागा. वस्तीत अशी रीत कितीतरी घरांत होती. 'सगळे निजले होते म्हणून झालं,' असं लोकांना वाटायचं. भूकंप जाग्या माणसालाही विचारून येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी रीत चालू राहिली. गीतांजली गाढ झोपली की बसम्मा तिच्या नाकासमोर हात धरायची, मग गाल हलवायची. पोर दचकून उठायची. "काही न्हाई, नीज," असं म्हणून आई तिला पुन्हा निजवायची. हे रोज, कितीतरी वेळा.

बाईंनी तिला आग्रह केला नाही. नुसतं विचारलं, "मी बसलेली असते ना इथे? माझे डोळे उघडे असतात."

बसम्माने विचार केला. "तुम्ही शेवटपर्यंत जाग्या ऱ्हाणार?"

"शेवटपर्यंत."

मग ती आडवी झाली. पहिल्या दिवशी तिची पाठ लाकडासारखी होती. गीतांजली तिला चिकटून पडली होती. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात, बाई डाव्या पायाच्या बोटांवर आल्या असताना, बसम्माच्या पाठीचं सगळं वजन माझ्यावर आलं. तिला झोप लागली नव्हती. ती ऐकत होती. पण भार टाकला होता. त्या दिवसापासून तिला आपल्या पाळीच्या वेळी थोडी झोप येऊ लागली. पापणी फडफडायची थांबली. मात्र प्रत्येक दुपारी आडवी होण्याआधी ती विचारायची, "बाई, तुम्ही जाग्या हाव ना?" आणि बाई म्हणायच्या, "हो."

पुढे शासनाने पक्की घरं बांधून दिली. शेड उठल्या. सरस्वतीबाई निवृत्त होऊन माहूरला मुलाकडे गेल्या आणि जाताना मला बसम्माकडे ठेवून गेल्या. नव्या घरात योगनिद्रा घेणारं कोणी उरलं नाही. कुणीतरी जागं राहण्याची रीत मात्र नव्या घरातही आली. गीतांजली थोडी मोठी झाल्यावर तिलाही पाळी मिळाली. जेवणानंतर आई-बाप डोळा लावत तेव्हा ती पुस्तक घेऊन बसे. शहाणी पोर म्हणून शेजारी तिचं नाव घेत. मला सोयाबीनच्या पोत्यांवर झाकायला वापरलं गेलं. उंदरांनी एक कोपरा कुरतडला. तिथे मी बरीच वर्षं होते. त्या वर्षांत सांगण्यासारखं काही नाही.

गीतांजली दहावीला तालुक्यात चमकली. त्या काळात लातूरचं नाव सगळीकडे झालं होतं. बारावीला आणि मेडिकलच्या सीईटीला लातूरची मुलं वर येत, म्हणून नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून मुलं येऊन राहत. ट्यूशन एरियात एकेका इमारतीवर गेल्या वर्षीच्या मुलांचे फोटो, खाली गुण. महादेवप्पाने मुलीला अकरावीला तिथे घातलं. गादीचा खर्च नको म्हणून बसम्माने मला झटकून, धुवून तिच्या पेटीवर बांधलं. अशी मी लातूरला आले.

अर्जुनराव सर फिजिक्सचे क्लास घेत आणि मुलींचं वसतिगृह चालवत. माणूस कष्टाळू होता. मेसमधली डाळ पातळ झाली तर स्वतः आचाऱ्याशी भांडायचा. गीतांजलीच्या खोलीत उदगीरची इकरा होती. तिच्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं आणि तिच्या जिभेला कात्रीची धार होती. बारावी सुरू झाली तशी इकराचं डोकं दुखू लागलं. रात्री अंथरुणात ती कूस बदलत राहायची आणि दिवसा पुस्तकातली ओळ तिला पुन्हा पुन्हा वाचावी लागायची.

एका दुपारी जेवणानंतर गीतांजलीने मला खालच्या हॉलमध्ये अंथरलं. "पड इथं. अर्धा तास. मी सांगते तसं कर."

इकराने नाक मुरडलं. "वास कसला येऊन राहिला गं हिला?"

"सोयाबीनचा."

"म्हणजे मी इथून तेल होऊन निघणार."

पण ती पडली. गीतांजलीला बाईंचं सगळं पाठ होतं, शब्द आणि मधली थांबण्याची जागासुद्धा. "सतरंजीवर भार सोडा," ती म्हणाली. आठवड्याभरात इकराचं डोकं दुखणं कमी झालं आणि तिला रात्री पडल्या पडल्या झोप येऊ लागली. मग आणखी मुली आल्या. ताण सगळ्यांनाच होता. सहामाहीच्या चाचणीत या मुली जरा शांत दिसल्या, गुणही बरे आले, आणि ते सरांच्या लक्षात आलं.

इथे जी चूक झाली ती वाईट हेतूने झाली नाही, हे मी मुद्दाम सांगते. सरांनी एका व्याख्यानात ऐकलं होतं की अर्धा तास योगनिद्रा म्हणजे चार तासांची झोप. ते गणिती माणूस. त्यांनी हॉलमधल्या फळ्यावर त्रैराशिक मांडलं. दिवसातून दोनदा योगनिद्रा घेतली तर आठ तासांची झोप दिवसाच झाली. मग रात्री निजायची गरज किती उरली? फळा पुसून त्यांनी नवं वेळापत्रक लिहिलं. पहाटेची घंटा आणखी अलीकडे आली, दिवे मालवायची वेळ आणखी पुढे गेली. बाहेर पाटी लागली: 'योगनिद्रेमुळे अभ्यासाला जादा वेळ.' पालक पाटी वाचून खूश झाले.

"सर," गीतांजली म्हणाली, "आमच्या बाई म्हणायच्या, हे झोपेच्या बदली न्हाई."

"बाई क्लासच्या की शाळेच्या?"

"शाळेच्या."

"मग बरोबर आहे. शाळेत वेळ असतो. आपल्याला नाही." आणि ते हसून पुढे म्हणाले, "दोन्ही वेळा तूच घ्यायची, गीतांजली. तुझ्याइतकं चांगलं कोणी घेत नाही."

तिला ते ऐकून बरं वाटलं. कोणाला वाटणार नाही?

सरांनी नव्या चटया आणल्या, पंखे लावले. हॉल मुलींनी भरला. पण आता माझ्यावर पडणाऱ्या पाठींचं मला काही कळेना. 'उजव्या हाताचा अंगठा' म्हणेपर्यंत अर्ध्या मुली घोरत असत. ती योगनिद्रा नव्हती. ती अर्धपोटी माणसाने ताटावर तुटून पडावं तशी झोप होती. सर फेरी मारत. "झोपलात तर योगनिद्रा वाया," ते म्हणायचे. जी झोपेल तिला पाच गणितं जादा. मग मुलींनी युक्ती काढली. पेटीची किल्ली मुठीत धरून पडायचं. डोळा लागला की मूठ सुटते, किल्ली फरशीवर वाजते आणि जाग येते. माझ्यावर पडलेल्या मुलींच्या किल्ल्या माझ्यावरच पडत, आवाज होत नसे. म्हणून माझ्यावरची जागा मुली टाळू लागल्या. विश्रांतीच्या तासात सगळा हॉल किल्ल्यांनी खणखणायचा.

गीतांजलीची तर आडवं व्हायची वेळच आली नाही. ती माझ्या कडेला ताठ बसून बोलायची. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. रात्रीची झोप सगळ्यांची गेली होती, आणि दिवसाची विश्रांतीही तिला नव्हती.

इकराच्या हे ध्यानात आलं. "तू कधी पडणार गं? आज मी बोलते. उजवा अंगठा, डावा अंगठा, एवढंच तर आहे. तोंड मलाही आहे."

"आहे ते ठाऊक आहे," गीतांजली म्हणाली. "नको. मी पडले तर लक्ष कोण ठेवणार?"

"कशावर लक्ष?"

"सगळ्यांवर."

"आम्ही काय शेळ्या आहोत का?"

गीतांजली हसली, पण तिने जागा सोडली नाही. इकराला ते कोडं वाटलं. मला वाटलं नाही. सगळे आडवे झाले की एकाने जागं राहायचं, हे तिच्यासाठी दार लावून घेण्याइतकं साधं होतं. सरांनी तिच्यावर काम टाकलं खरं. पण ती ते सोडत नव्हती ते घरच्या रीतीमुळे.

थंडी सरता सरता तिचं बिघडलं. एका चाचणीत उत्तरपत्रिकेवर गोल काळे करताना एक प्रश्न सुटला आणि पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकली. घास तोंडाजवळ नेऊन ती थांबून राहायची. परीक्षा तोंडावर आली होती. शेतकऱ्याच्या घरातून, बापाच्या कष्टातून ती एवढ्यासाठीच आली होती, आणि तेच हातचं जायच्या बेताला आलं होतं.

मग एका दुपारी हे झालं. हॉल भरलेला होता. गीतांजली माझ्या कडेला बसून सांगत होती, "उजव्या हाताचा अंगठा. पहिलं बोट. दुसरं बोट. तिसरं. करंगळी. तळहात. मनगट." थोडी थांबली. "उजव्या हाताचा अंगठा. पहिलं बोट..."

मुलींना वाटलं, चुकली असेल. ती मनगटापर्यंत आली आणि पुन्हा अंगठ्यावर गेली. मग पुन्हा. आवाज तसाच, शब्दही तसेच.

मागून कोणीतरी म्हणालं, "गीते, डावा हात या वर्षी येणार का?"

दोघी-तिघी फिसकन हसल्या. गीतांजली म्हणाली, "उजव्या हाताचा अंगठा."

इकरा उठून बसली. गीतांजलीचे डोळे उघडे होते, पण ती कोणाकडेही पाहत नव्हती. ती बसल्या जागी झोपली होती आणि झोपेतही पाळी चालवत होती. इकराने तिला दोन्ही खांद्यांना धरून हळूच माझ्यावर आडवं केलं. ओठ थोडा वेळ हलत राहिले, मग थांबले.

सर धावत आले. "पाणी मारा तोंडावर. उठवा तिला. साडेचारला टेस्ट आहे."

"सर, उठवायचं नाही," इकरा म्हणाली.

"तू बाजूला हो."

"नाही होत. पाच गणितं द्या, पन्नास द्या. ती झोपलीये सर. नुसती झोपलीये."

सरांनी हाक मारली, गीतांजली हलली नाही. तेव्हा मात्र ते घाबरले. गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, मुलींना चार प्रश्न विचारले. "झोप आहे," ते म्हणाले. "साठलेली. होऊ द्या पूर्ण. आणि हे काय खेळ लावलेत?" त्यांनी फरशीवरच्या किल्ल्यांकडे बोट दाखवलं.

सरांनी गावच्या दुकानात फोन करून घरी निरोप धाडला: मुलगी झोपली आहे, उठत नाही, या. हा निरोप कोणत्या घरात चालला आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

दिवे लागले तेव्हा बसम्मा आणि महादेवप्पा आले. महादेवप्पा हॉलच्या दारातच बाकड्यावर बसला. त्याच्याने पुढे येववलं नाही. बसम्मा सरळ आत आली आणि माझ्यावर गुडघे टेकून बसली. तिने नेहमीसारखा मुलीच्या नाकासमोर हात धरला.

"मावशी, श्वास चालू आहे," शेजारी बसलेली इकरा म्हणाली. "मी बघतेय कधीची."

"तू कोन गं?"

"इकरा. उदगीरची. हिच्या खोलीतली."

"जेवलीस का?"

"नाही."

"जा, जेव जा."

सर मागे उभे होते. "मी हाक मारून पाहू का? तुम्ही आलात म्हटल्यावर उठेल."

"हात लावू नका, सर."

बसम्माचा स्वतःचा हात मात्र मुलीच्या गालाजवळ होता. आता फक्त हलवायचं होतं. ते तिने दहा वर्षं केलं होतं. हात तिथे बराच वेळ राहिला. मग तिने तो मागे घेतला, पदरात गुंडाळला आणि ती मुलीच्या शेजारी, माझ्यावर आडवी झाली. तिला तिथे कोणी अंगठा सांगत नव्हतं, बोटं सांगत नव्हतं. पण जरा वेळाने तिच्या पाठीचं वजन माझ्यावर आलं. दारात महादेवप्पाची मान भिंतीला टेकली होती आणि तोंड उघडं पडलं होतं.

गीतांजलीला जाग आली तेव्हा उन्हं हॉलमध्ये आली होती. शेजारी आई केस बांधत बसली होती. आपण कुठे आहोत हे कळायला तिला वेळ लागला.

"अव्वा, तू कधी आलीस?"

"काल दिवेलागणीला."

"अन् जागी बसलीस व्हय सारी रात?"

"न्हाई. म्या बी निजले."

"अप्पा?"

"त्ये तर तिकडं घोरून राहिले, आईक."

गीतांजली कोपरावर उठली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, सात वर्षांच्या मुलीची असते तशी. "मग जागं कोन होतं?"

"कोनीच न्हाई," बसम्मा म्हणाली.

गीतांजलीने वर छताकडे पाहिलं, मग भिंतींकडे. बाहेर मेसमध्ये पोह्यांना फोडणी बसली होती आणि इकरा कोणाशी तरी भांडत होती.

"मंग?"

"मंग काय. उजाडलं."

पोर आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आणि रडता रडता पुन्हा झोपली.

जाताना बसम्मा सरांना म्हणाली, "लेकीला न्यायला आलो न्हाई. शिकू द्या. पन निजू द्या." सरांनी मान डोलावली. आपली चूक झाली असं ते कधी बोलले नाहीत. पण आठवड्याभरात बाहेरची पाटी निघाली, पहाटेची घंटा पहिल्या वेळेवर गेली, आणि पालकांच्या सभेत त्यांनी 'सुधारित वेळापत्रक' जाहीर केलं. किल्ल्या पेट्यांवर गेल्या. योगनिद्रा दुपारी एकदाच राहिली. ती इकरा घेऊ लागली. इकरा भराभर बोलायची आणि कधीकधी कोपर विसरायची. कोणाचं काही अडलं नाही. गीतांजली माझ्यावर पडायची. सुरुवातीला ती सारखे डोळे उघडून हॉलवर नजर फिरवायची. "मिट," इकरा मधेच म्हणायची. मग ती मिटायची.

सीईटीत तिला एमबीबीएसपुरते गुण मिळाले नाहीत. नांदेडला आयुर्वेदाला प्रवेश मिळाला. गेलेले ते महिने भरून निघाले नाहीत, हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही. इकरा फार्मसीला गेली. गीतांजली आता डॉक्टर आहे आणि झोप न येणाऱ्या माणसांना औषधाच्या जोडीला माझ्यावर आडवं करते. आधी विचारते, रात्री किती निजता? उत्तर कमी आलं तर म्हणते, आधी ते नीट करा, मग इथं या.

मित्रांनो, माझं सांगणं थोडं आहे. माझ्यासारखी सतरंजी घरी असेल तर तिला ओल्या फरशीवर टाकू नका, पावसाळ्यानंतर ऊन द्या, घडीत उंदीर जाऊ देऊ नका. मग ती तुमच्या मुलांनाही पुरेल. मन थकलं, अभ्यासाचं ओझं झालं, तर अर्धा तास उताणे पडा आणि कोणाला तरी सावकाश बोलायला सांगा. त्याचा उपयोग होतो, मी पाठीवरून सांगते. पण त्याच्या नावावर रात्रीची झोप खर्च करू नका. त्या दोन गोष्टी एका त्रैराशिकात बसत नाहीत. आणि घरात कोणी गाढ निजलेलं दिसलं, तर वाकून बघावंसं वाटेल. बघा. श्वास चालू आहे ना? मग दार हळू ओढून घ्या आणि तुम्हीही जाऊन निजा.